वाइल्डलाइफसाठी निकॉनची 100-400 घ्यावी की 180-600? वजन झेपेल का?

तू विचारलंयस की निकॉनचा झेड 6 टू कॅमेरा आहे, ताडोबा-पेंचला जातेस, दोन्हीपैकी कोणती लेन्स घेऊ. शेवटी लिहिलंयस, "माझी उंची पाच फूट एक इंच, घरचे आणि दुकानदार दोघंही म्हणतात 180-600 मुलीला झेपणार नाही." मी खरं तर या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले. मी नागपूरचीच, वयाने तुझ्याहून बरीच मोठी, म्हणून अगं-तुगं करते.

180-600 घे.

लेन्सचं वजन बरंचसं पुढच्या काचेचं असतं. 600 मिलिमीटरला एफ/6.3 म्हणजे 600 भागिले 6.3, प्रकाश आत यायला सुमारे 95 मिलिमीटरचं तोंड. 400 ला एफ/5.6 म्हणजे 71. क्षेत्रफळ काढ, पावणेदोन पट होतं. लांबचा वाघ 600 इतका मोठा दिसावा म्हणून 400 चा फोटो क्रॉप केलास की हाच फरक नॉइज, म्हणजे रवाळपणा, होऊन दिसतो. आणि वजनातला फरक किती? ट्रायपॉडवर बसवायची कॉलर सोडून 1955 ग्रॅम आणि 1355 ग्रॅम. सहाशे ग्रॅमसाठी तुला घाबरवताहेत, वर हलकी लेन्स महागही आहे.

मी निकॉनची 200-500 लेन्स घ्यायला गेले तेव्हा हेच झालं होतं. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी आणि हे गेलो. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं यांना मिळत होती. "सर, मॅडमसाठी 70-300 बघा ना, पर्समध्ये मावते." लेन्स हातात द्या म्हटलं तर आधी यांच्या हातात दिली. यांना कॅमेऱ्यात शून्य रस, त्यांनी ती तशीच माझ्याकडे सरकवली. मी माझ्या डी500 कॅमेऱ्याला लावून काउंटरपाशी उभी राहिले. दोन्ही मिळून तीन किलोच्या वर. डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकवलेलं. दुकानदार म्हणाला, "बघा हं, हात दुखेल." कडेवर पोर घेऊन दोन वर्षं स्वयंपाक केला, गव्हाचं दळण आणलं, नळ गेला की बादल्या भरून जिने चढले. तेव्हा कोणी विचारलं नाही हात दुखतो का. लेन्स घेताना मात्र सगळ्यांना माझ्या मनगटाची काळजी.

घरी आल्यावर माझे दीर. त्यांच्याकडे ती 70-300 होती आणि बॉडी माझ्यासारखीच. "वहिनी, दळणाचा डबा उचलून आणला का?" हे वाक्य मी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीत ऐकलं.

मग एका मे महिन्यात आम्ही सगळे उमरेड-भिसी-चिमूर रस्त्याने ताडोबाच्या कोलारा गेटला गेलो. दुपारची सफारी, जिप्सीत सहा जण, पाणवठ्याच्या अलीकडे गाडी बंद करून थांबलो. गाइड हळूच म्हणाला, "ताई, हलू नका, चितळ कॉल देऊन राहिलं." मी कडेच्या दांडीवर बीन बॅग ठेवली (घरून तांदूळ भरून नेते), तिच्यावर लेन्स टेकवली आणि नुसता हात ठेवून बसले. वजन बॅग पेलत होती. भाऊजी हलकी लेन्स आहे म्हणून ती हातातच धरून होते. सुरुवातीला डोळ्याला, मग छातीशी, मग मांडीवर. हलकं असलं तरी तासभर कोणी हात वर धरून बसत नाही. सूर्य झाडांमागे गेला, पाण्यावर फक्त आकाशाचा उजेड उरला, आणि पलीकडच्या बांबूतून वाघीण आली. आधी मागचे पाय पाण्यात घातले, मग बसली, मग प्यायली. तिने मान वर केली त्या क्षणी माझ्या फ्रेममध्ये हनुवटीच्या पांढऱ्या केसांना लटकलेले थेंब सुटे सुटे दिसत होते. एक पडत होता, एक अजून केसालाच होता. एफ/5.6, 1/250, आयएसओ 3200. भाऊजींचं सेटिंगही जवळपास तेच. पण 300 मधून क्रॉप केल्यावर हनुवटीच्या जागी रवाळ पांढरा डाग राहिला. ते म्हणाले, "तुम्ही उजव्या बाजूला बसल्या होत्या ना." एकाच जिप्सीत, एकाच सीटवर, मध्ये फक्त माझी पुतणी.

तर जिप्सीत वजन हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही भारी लेन्स असो, शंभर मीटरवरचा वाघ मऊच येतो. ते नऊ वाजताचे फोटो घरी येऊन शार्प करत बसू नकोस. 180-600 झूम करताना लांब होत नाही, त्यामुळे बीन बॅगवर तोल जात नाही. 100-400 बाहेर येते. पट्टा कॅमेऱ्याला नको, लेन्सच्या कॉलरच्या पायाला लाव आणि तिरका घाल, मानेवर काही येत नाही. मातीच्या रस्त्यावर वरून सुती ओढणी टाक.

आता दुसरी बाजू, कारण माझं ऐकून कोणी खांदा दुखवून घेऊ नये. तुझं निम्मं काम पायी असेल, म्हणजे गोरेवाड्याला किंवा अंबाझरीच्या काठाने तीन-तीन तास पक्षी, पावसाळ्यात नवरंगाच्या मागे फिरणं, फुलपाखरं, तर 100-400 खरंच बरी. जवळून फोकस होते, 1.4 पट लांब करणारा कन्व्हर्टर लावून 560 एफ/8 मिळते. वाघ अगदी गाडीला लागून गेला तर 180 ला नुसतं तोंड येतं, तेव्हाही 100 उपयोगी. खांदा आधीच धरलेला असेल, मनगटाचं काही जुनं असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरव. पण तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. तू फक्त उंची लिहिलीस, आणि तीही दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. उंचीचा आणि लेन्सचा काही संबंध नाही.

जमलं तर आधी एका सफारीपुरती भाड्याने घेऊन बघ. विकत घ्यायला जाशील तेव्हा बॉडी सोबत ने, लेन्स स्वतःच्या हातात माग, पाच मिनिटं रस्त्यावरची कबुतरं शूट कर. दुकानदार तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या भावाकडे बघून देऊ लागला तर तिथून नको घेऊस, दुसरीकडून घे.