मोर्चा 'मार्च'मधून आलेला नाही

प्रश्न असा आहे: 'ले मिझेराब्ल' या संगीतिकेवरच्या २०१२ च्या चित्रपटात विद्यार्थी रस्त्यात खुर्च्या-टेबलं रचून 'बॅरिकेड' उभं करतात, त्याला मराठी शब्द कोणता? आणि त्यांच्या गटाला 'एबीसीचे मित्र' असं चमत्कारिक नाव का?

आधी एक गोष्ट, कारण ऐकून ऐकून कान किटले आहेत. ही पोरं फ्रेंच राज्यक्रांतीतली नव्हेत! ती क्रांती १७८९ ची. हा पॅरिसमधला ५ आणि ६ जून १८३२ चा उठाव, राजा लुई फिलिपविरुद्धचा. राजाचे टीकाकार, लोकांचे लाडके जनरल लामार्क कॉलऱ्याने गेले, त्यांच्या अंत्ययात्रेत भडका उडाला आणि दुसऱ्या दिवशी सगळं चिरडलं गेलं.

आता शब्द. 'अडथळा' नको, तो रस्त्यातल्या खड्ड्याचाही होतो. 'बॅरिकेड' हा फ्रेंच 'बारीक', म्हणजे पिंप, यावरून आला. मे १५८८ मध्ये पॅरिसकरांनी मातीने भरलेली पिंपं रस्त्यात लावून तिसऱ्या हेन्रीच्या सैन्याची कोंडी केली होती. आपल्याकडे बॅरिकेड पोलीसच लावतात, तेव्हा तो शब्द या पोरांच्या हाती देणं म्हणजे थट्टाच.

मराठीत नेमका शब्द आहे: मोर्चा. हसू नका. 'मोर्चा म्हणजे इंग्रजी मार्चचा अपभ्रंश' असं ठासून सांगणारे पंडित मला दर महिन्याला भेटतात. त्यांनी एकदा बखरी उघडाव्यात. इंग्रजी कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मराठे किल्ल्यांना मोर्चे लावत होते. मूळ फारसी 'मोर्चाल', म्हणजे आडोसा करून, खणून, तोफा मांडून लढायची जागा. फारसीत 'मोर' म्हणजे मुंगी आणि 'चाल' म्हणजे खड्डा. कोशकार काहीही म्हणोत, मला त्यात मुंग्यांचं बीळच दिसतं, आणि खिडक्यांतून फेकलेलं फर्निचर ओढत नेणारी ती पोरं पाहिल्यावर तर खात्रीच पटते.

मग बसलेला मोर्चा चालायला कसा लागला? माझं मत असं: वेढ्यात मोर्चे एका जागी राहत नसत, तटाकडे पुढे पुढे सरकवावे लागत. म्हणूनच आपण 'जेवणाकडे मोर्चा वळवतो'. पुढे 'मंत्रालयावर मोर्चा' आला, तोही 'वर', 'कडे' नव्हे; किल्ल्यावर जायचा तसाच. जुना अर्थ 'मोर्चेबांधणी'त अजून शाबूत आहे. मार्च बांधता येतो का, हे त्या पंडितांनी सांगावं. हिंदीत तर सैनिक आजही 'मोर्चे पर' असतो आणि तो चालत नसतो.

तेव्हा बेलाशक लिहा: विद्यार्थ्यांनी गल्लीच्या तोंडाशी मोर्चा बांधला.

हां, एबीसी राहिलंच. फ्रेंचमध्ये ही अक्षरं 'आ-बे-से' अशी म्हणतात आणि 'आबेसे' म्हणजे खाली दाबलेला, पिचलेला. वरवर मुलांना अक्षरं शिकवणारं मंडळ, आतून पिचलेल्यांचे मित्र. मराठीत ही कोटी साधत नाही. तळटीप द्या आणि पुढे चला.