आधी चालू दे, मग काप

अरे, कोड गोल्फ म्हणजे कमीत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहायचा खेळ. पण पहिल्याच दिवशी अक्षरं मोजत बसू नकोस. प्रोग्राम आधी नीट चालू दे, मग कात्री लाव.

सी भाषेत एक ते दहा आकडे छापायचेत ना? स्टँडर्ड आयओचं हेडर, म्हणजे वरची #include<stdio.h> ही ओळ उडव, नवी ओळ धरून १८ अक्षरं तिथेच वाचतात. मेनच्या (main) आधीचा इंटही (int) काढ. आकडा मोजणारा व्हेरिएबल आय (i) वेगळा जाहीर करू नकोस, मेनच्या कंसातच बसव. प्रोग्रामला बाहेरून काही दिलं नाही तर आयची किंमत आपोआप १ असते, म्हणजे सुरुवात फुकटात. ‘दहापेक्षा लहान किंवा समान’ऐवजी ‘अकरापेक्षा लहान’ लिही, आणखी एक गेलं.

आकडे पुन्हा पुन्हा छापायला व्हाइल (while) लूप तर विसरच, फॉर (for) घे. अट एकटीच असेल तर फॉर तेवढाच लांब होतो, पण त्यात दोन जागा रिकाम्या राहतात. सहा अठराच्या कर्जत लोकलमधली, तिघांच्या बाकावरची चौथी सीटच म्हण ना, कोणीतरी टेकतंच! महिरपी कंसात दोन विधानं असतील तर एक फॉरच्या शेवटच्या रिकाम्या जागेत सरकव, तीन अक्षरं वाचतील.

हे सगळं जुन्या, १९८९ च्या सी मध्ये चालतं. २०२४ च्या जीसीसी १४ पासून हा सीचा कंपायलर इंट गाळला की थेट एरर देतो, तेव्हा जुनं स्टँडर्ड सांगूनच कंपाइल कर.

आणि मोजणी डोळ्यांनी नको. मी एकदा दादरपासून ठाण्यापर्यंत एक जादा अक्षर शोधत होतो. एडिटरने फाइलच्या शेवटी गुपचूप नवी ओळ घातली होती.