दुसऱ्या महायुद्धातले जर्मन बंकर आतून पाहता येतात का? इटलीत खरी लढाई झालेले कोणते?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवस इटलीत आहात, जुन्या रणभूमीवर पडून असलेले जर्मन बंकर आत शिरून पाहायचे आहेत, 'खरी लढाई झालेले' कोणते ते सांगा आणि सोबत काय न्यावं तेही सांगा. आत जाता येतं. पण 'खरी लढाई झालेले' हे तुमचे शब्द वाचले आणि मला गप्प बसवेना. याच शब्दांवरून आमच्या घरात नऊ वर्षं वाद चालू आहे.

आधी स्पष्ट सांगतो. इटलीत जो बंकर धडधाकट उभा दिसतो, तिथं बहुतेक वेळा लढाई झालेलीच नसते. जिथं माणसं मेली तिथं आज शेत आहे, नाहीतर नदीचा बांध आहे.

बोर्गो आ मोत्सानोचंच घ्या. लुक्काहून सेर्किओ नदीच्या काठानं उत्तरेला वर गेलं की हे गाव लागतं. जर्मनांनी १९४४ साली इटलीच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, डोंगरातून जवळपास तीनशे किलोमीटर लांबीची जी गॉथिक लाइन उभी केली, तिचा सगळ्यांत चांगला टिकलेला तुकडा इथं आहे. रणगाडे अडवायची काँक्रीटची भिंत आहे, डोंगर कोरून केलेले बोगदे आहेत, मशीनगनची ठाणी आहेत. स्थानिक लोक माहिती देत आत नेतात. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते हेच: बोर्गो आ मोत्सानोला जा, वाटाड्या घेऊन आत शिरा.

मी गेलो होतो. एप्रिलमध्येही आत गारठा होता, भिंतींना ओल होती. बॅटरीचा झोत भिंतीवर तिरपा धरला आणि मग पायच निघेना. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ जसेच्या तसे उमटलेले. एका फळीतली गाठ रुपयाच्या नाण्याएवढी, तिच्याभोवतीच्या बारीक रेघासुद्धा बोटाला लागत होत्या. झाड गेलं, फळी गेली, गाठ राहिली. त्या फळ्या ठोकणारे बहुतेक इथलेच इटालियन लोक. टॉट या जर्मन लष्करी बांधकाम संघटनेनं हजारोंना जबरदस्तीनं कामाला जुंपलं होतं. इंटरनेटवर बंकरचे फोटो टाकणारे लोक जर्मन इंजिनिअरिंगचं कौतुक करतात, त्यांनी एकदा त्या गाठीवर हात ठेवून बघावा.

पण लढाई? इथं नाही झाली. दोस्त फौजांनी ही लाइन अ‍ॅपेनाइन्स डोंगररांगेत जोगो खिंडीपाशी आणि पूर्वेला एड्रियाटिकच्या बाजूनं फोडली, तेव्हा सेर्किओच्या खोऱ्यातले जर्मन इथून न लढता मागे सरकले. म्हणून तर भिंतीचा साधा टवकासुद्धा उडालेला नाही.

आता वादाचं सांगतो. माझे आजोबा माण तालुक्यातले. बेळगावला भरती झाले आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढले. ते फार बोलायचे नाहीत. पण पावसाळ्यात शेताची ताल फुटली आणि आम्ही पोरं माती ओढायला गेलो की हटकून एक गोष्ट सांगायचे. 'इटालीत अशीच एक ताल होती. आपल्या देवळापेक्षा उंच. तालीच्या ह्या अंगाला आम्ही, त्या अंगाला जर्मन. रात्री त्यांचा खोकला ऐकू यायचा. जर्मन तालीच्या पोटात राहायचे.' (ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी: ताल म्हणजे शेताचा मातीचा मोठा बांध.)

माझा थोरला चुलतभाऊ फ्रान्समधली नॉर्मंडी पाहून आला. तिथले दोन मीटर जाडीचे बंकर, तोफा, सगळं त्यानं पाहिलं. मग गावच्या यात्रेला सगळे जमलेले असताना, जेवणाच्या पंगतीत, तो म्हणाला की जर्मन काही घुशींसारखे मातीच्या बांधात राहत नव्हते, आपण नकाशावर शोधलं, आजोबा सांगायचे त्या नदीवर एकही बंकर नाही. 'आजोबा बहुतेक लंगरात असतील, दुसऱ्याचं ऐकून सांगत असतील.' आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आजी समोर बसली होती. तिनं ताट बाजूला सारलं.

लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, असण्यात काही कमीपणा नाही. उपाशी पलटण लढत नाही. पण आजोबा लंगरात नव्हते, आणि त्यांना खोटं पाडायला ते हयात नसलेली वेळ निवडली गेली, हे मला आजही सहन होत नाही.

नोकरीनिमित्त मी बोलोन्याला आलो तेव्हा पहिल्याच वसंतात आजोबा सांगायचे ती सेनिओ नदी गाठली. रावेन्नाकडे जाणारी लोकल लुगोवरून जाते. लुगोनंतर रुळ एक बारीकशी नदी ओलांडतात आणि पुढचं स्टेशन बान्याकावाल्लो. ती बारीकशी नदी म्हणजेच सेनिओ. गाडीतून ती दिसली आणि गेली, एवढीच. मी बान्याकावाल्लोला उतरलो आणि पश्चिमेकडे चालत मागे आलो, कारण आमची माणसं त्याच बाजूनं आली होती.

रोमान्याचा हा भाग तळहातासारखा सपाट आहे. पीचच्या बागा, द्राक्षं, किवी. कुठे टेकडी नाही की खडक नाही. आणि मग समोर एक लांबच लांब हिरवी भिंत आडवी येते. तीच ताल. इथल्या नद्या शेतांपेक्षा उंचावरून वाहतात, त्यांना दोन्ही बाजूंनी मातीचे बांध घालून धरलेलं असतं. युद्धात हे बांध वीस फुटांहून उंच होते. चढून वर गेलो तर खाली पाणी जेमतेम आमच्या ओढ्याएवढं. आजोबा म्हणायचे तसंच.

या सपाटीवर काँक्रीट ओतायची जर्मनांना गरजच काय होती? आयती वीस फुटी मातीची भिंत होती. १९४४ च्या डिसेंबरअखेर आघाडी सेनिओपाशी येऊन थांबली ती एप्रिलपर्यंत. एवढ्या महिन्यांत त्यांनी बांध आतून पोखरला, लाकडाचे टेकू देऊन खोल्या केल्या, मशीनगनसाठी आरपार भोकं पाडली. काही ठिकाणी एकाच बांधाच्या एका उतारावर आपले आणि दुसऱ्या उतारावर ते. मधे फक्त माती. खोकला ऐकू येणारच. जवळच आल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, तिथल्या जुन्या छायाचित्रांत ही बिळं मी डोळ्यांनी पाहिली.

मग आज ती का नाहीत? बांधावर सायकल थांबवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये हेच विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी घरात आग का ठेवत नाही असं विचारतोय. बांधात भोकं ठेवली असती तर पुढच्या पावसात गाव गेलं असतं, म्हणाला. युद्ध संपल्यावर पहिलं काम कुठलं, तर बिळं बुजवायची, माती ठोकून बांध पुन्हा बांधायचे. मे २०२३ मध्ये याच भागातल्या नद्यांचे बांध फुटून गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा टीव्हीवर ते पाहताना मला त्याचं बोलणं आठवत होतं. माणमधल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. फुटकी ताल कोण तशीच ठेवतो?

म्हणजे नकाशावर बंकर नाही यावरून आजोबा खोटे ठरत नाहीत. बंकर नाही, कारण तिथल्या लोकांना तिथंच जगायचं होतं.

९ एप्रिल १९४५ ला इथं काय झालं तेही सांगतो. दुपारी जड बॉम्बफेकी विमानं येऊन गेली, मग तोफा सुरू झाल्या. मधेच थांबायच्या, हल्ला आला असं समजून जर्मन बाहेर यायचे, की पुन्हा सुरू. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी खरा हल्ला. आग ओकणारी वाहनं बांधाशी आणून जाळाचे लोट सोडले. आजोबांचं एवढंच वाक्य होतं: 'ताल पेटली होती.' त्यापुढे ते बोलायचे नाहीत.

त्याच संध्याकाळी आजोबांच्याच बटालियनमधल्या शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळवला. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं निमज हे त्यांचं गाव, वय तेविसाच्या आसपास. नदी ओलांडून पश्चिमेच्या काठावर निघताना, पूर्वेकडच्या बांधातल्या जर्मन ठाण्यांच्या गोळीबारात त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी जवळपास संपली. त्यांनी दोन जखमींना एकापाठोपाठ एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. मग एकटे परत फिरले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातगोळे घेतले. गोळे संपले तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून आणखी घेतले. मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्याच दिवशी याच नदीवर फुझिन्यानोपाशी फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झालं.

'पलीकडच्या उतारावरचे साथीदार' हे शब्द नीट वाचा. ताल मधे, दोन्ही अंगांना माणसं. आजोबा तेच सांगत होते. मी हे सगळं चुलतभावाला फोटोंसकट पाठवलं. त्यानं नुसता अंगठा पाठवला. आजीला फोनवरून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, 'पाणी केवढं आहे तिथं?' ओढ्याएवढं, म्हटल्यावर म्हणाली, 'मग तीच.'

तुमच्याकडे एक दिवस जास्त असेल तर फोर्लीला जा. तिथल्या भारतीय सैनिकांच्या युद्ध स्मशानभूमीत जवळपास पाचशे कबरी आहेत, आणि ज्यांचं दहन झालं अशा आठशेच्या आसपास जणांची नावं स्मारकावर कोरली आहेत. मराठा रेजिमेंटखाली आपल्याकडची आडनावं वाचताना घसा दाटतो. पेरुजाकडे फिरत असाल तर मोन्तोने गावात नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे, जुलै २०२३ मध्ये उभारलेलं सूर्यघड्याळ. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे हे घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच पडले. ते ठाणंही आज कुठल्या बंकरच्या यादीत सापडणार नाही.

सोबत काय न्यावं? बूट जाड तळाचे, कारण जुन्या काँक्रीटमधून गंजलेल्या सळ्या बाहेर आलेल्या असतात. बॅटऱ्या दोन. एकट्यानं शिरू नका. जमिनीत काळं पाणी साचलेलं दिसलं तर ते डबकं समजू नका, खाली खड्डा किंवा विहिरीएवढी चर असू शकते. कुलूप किंवा जाळी असेल तिथून परत फिरा. हिवाळ्यात वटवाघळं झोपलेली असतात, त्यांना उठवू नका. आणि जमिनीवरचं लोखंड उचलू नका, पायानं ढकलूनही बघू नका. उन्हाळ्यात २०२२ साली पो नदी आटली तेव्हा तळातून ४५० किलोचा अमेरिकन बॉम्ब वर आला आणि तो निकामी करायला तीन हजार माणसं हलवावी लागली. तसं काही दिसलं तर ११२ ला फोन करा. चुलतभावानं नॉर्मंडीच्या वाळूतून एक गंजका तुकडा खिशात घालून आणला, तो त्याच्या दिवाणखान्यात काचेखाली आहे. तो काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. असं करू नका.

एक दुरुस्ती. शाबूत बंकर म्हणजे लढाई नाही, हे मी इटलीतल्या, त्यातही मी पाहिलेल्या भागापुरतं म्हटलंय. नॉर्मंडीत तसं नाही. पॉइंट द्यु हॉकला ६ जून १९४४ ला अमेरिकन रेंजर्स कडा चढून गेले, तिथं खड्डे आणि फुटलेलं काँक्रीट दोन्ही आहेत. लाँग-स्युर-मेरच्या तोफा अजून आपल्या घरांत आहेत आणि त्या जहाजांशी खरोखर झुंजल्या. चुलतभावानं तिकडे जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त त्यावरून त्यानं सेनिओचा निकाल द्यायला नको होता.

सेनिओला जाणार असाल तर लुगोला उतरू नका. एक स्टेशन पुढे, बान्याकावाल्लोला उतरा आणि पश्चिमेकडे तोंड करून पायी या. पाऊण तास लागतो. दुपारनंतर निघालात तर सूर्य समोर, डोळ्यांवर असतो, आणि ताल अगदी जवळ येईपर्यंत नुसती एक काळी रेघ दिसते.