दीड तासाच्या गोष्टीचे दहा भाग

प्रश्न : १९७३चा ‘वेस्टवर्ल्ड’ हा चित्रपट दीड तासात संपतो. त्याचीच मालिका करून एचबीओ या अमेरिकी वाहिनीने त्यात नुसतं पाणी घातलं, असं मला वाटतं. तुमचं काय मत?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या सीझनपुरतं तरी मला हे मान्य नाही. मायकेल क्रायटनच्या चित्रपटात काउबॉयच्या काळासारख्या सजवलेल्या मनोरंजन उद्यानातले यंत्रमानव बिघडतात आणि युल ब्रिनरचा बंदूकवाला पाहुण्यांच्या मागे लागतो. त्याच्या नजरेतलं जग चौकोनी ठिपक्यांतून दाखवायला तेव्हा संगणक वापरला होता, केवढं धाडस! पण त्या यंत्राला काय वाटतं, हे विचारायला तिथे सवडच नव्हती. २०१६ साली जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी नेमकं तेच विचारलं. रोज मारली जाणारी, आठवणी पुसून पुन्हा उभी केली जाणारी यंत्रमानव डोलोरेस हळूहळू आठवू लागते. त्या ‘हळूहळू’ला दहा भाग लागतातच. राजारामपुरीतल्या आमच्या घरी लेकीबरोबर ते बघताना रात्रीचे दोन वाजायचे, तरी कुणी उठायचं नाही.

पुढे मात्र कथा पसरली, तिथे तुमची तक्रार खरी. चौथ्या सीझननंतर, २०२२मध्ये मालिका बंद झाली.

आणि जुनी गोष्ट नव्या माध्यमात सांगणं आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५चा आपलाच मूक ‘सावकारी पाश’ १९३६मध्ये पुन्हा केला, बोलका. तुम्ही पहिला सीझन एकदा सलग बघा आणि मग मला पुन्हा लिहा.