नपुंसक बुध आणि ‘पुरुष ऊर्जा’ कमी पडण्याची भानगड

सांगलीहून प्रश्न आलाय: “मुलाच्या पत्रिकेत मिथुन लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), लग्नातच बुध 9 अंशांवर, रवी कर्केत 2 अंशांवर. पत्रिका बघणारे म्हणाले, बुध नपुंसक ग्रह, त्यामुळे मुलात पुरुष ऊर्जा कमी. घरात सगळे हबकलेत. ज्योतिषात ‘नपुंसक’चा अर्थ काय? आणि ‘जेंडर फ्लुइड’ला ‘लिंगप्रवाही’ म्हटलेलं चालेल का?”

आधी हबकणं थांबवा. नपुंसकचा डॉक्टरी अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो इथे लागू नाही. हिंदी व्याकरणात लिंगं दोनच, त्यामुळे तिकडे नपुंसक म्हटलं की तेवढा एकच अर्थ डोक्यात येतो, आणि तिकडचे रील्स जसेच्या तसे मराठीत उतरवणाऱ्यांनी तो आपल्या माथी मारलाय. आपण शाळेपासून घर, झाड, पाणी, लेकरू यांच्यापुढे ‘नपुंसकलिंग’ लिहीत आलोय. म्हणून लेकराला कुणी दवाखान्यात नेलं नाही. ज्या जिल्ह्यात वाईला बसून मराठी विश्वकोश रचला जातो, तो शेजारचाच सातारा. तिथूनही हाच घोळ कानावर येतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

जुने ज्योतिषी वराहमिहिर यांचे शब्द बघा, त्यांच्या बृहज्जातक या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातले: ‘बुधसूर्यसुतौ नपुंसकाख्यौ शशिशुक्रौ युवती नराश्च शेषाः’. बुध आणि शनी नपुंसक, चंद्र आणि शुक्र स्त्रिया, उरलेले रवी, मंगळ, गुरू पुरुष. यात ‘आख्य’ सोडून पुढे जाऊ नका. आख्या म्हणजे नाव, संज्ञा. तो एका वर्गाचा शिक्का आहे, वैद्यकीय दाखला नव्हे.

आता गंमत. संस्कृतात नकाराचा ‘न’ समासात टिकत नाही. धर्माचा अधर्म होतो, अंताचा अनंत. मग ‘अपुंसक’ का नाही? व्याकरणकार पाणिनींनी 6.3.75 या सूत्रात हा ‘न’ टिकवून धरणाऱ्या शब्दांची एक यादीच दिली आहे. तिच्यात नकुल, नख, नक्र आहेत, नाक आहे (तोंडावरचं नव्हे, स्वर्ग या अर्थाचं), आणि शेजारी शेजारी बसलेत नपुंसक आणि नक्षत्र! पाणिनींच्या सूत्रांवरची टीका काशिकावृत्ती फोड देते: न स्त्री न पुमान् ते नपुंसक, जे झरत नाही, क्षीण होत नाही ते नक्षत्र. ज्योतिषाचे दोन शब्द एकाच सूत्रात. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे निरुक्तकार यास्क नक्षत्राचा संबंध ‘नक्ष्’ या गतिवाचक धातूशी लावतात, आधुनिकांपैकी काहींना त्यात ‘रात्रीवरचं राज्य’ दिसतं. यास्कांना नमस्कार, पण त्यांच्यापुढे कुठलाही शब्द ठेवला की धातू तयारच असतो. राहिलं रात्रीचं राज्य. ते कानाला गोड लागतं, इतकंच.

माझं मत असं की या यादीतले शब्द इतके रुळलेले होते की त्यांतला नकार कुणाला जाणवतच नव्हता. नख म्हणताना ‘ज्याला छिद्र नाही ते’ असं कोण मनात आणतं? नकुल म्हणताना मुंगसाला कूळ नाही याचं कुणाला दुःख होतं? तसंच नपुंसकचं. त्यात कशाची उणीव सांगितलेली नाही, ते स्वतंत्र तिसऱ्या वर्गाचं नाव आहे. कोशकारांनी ‘पुरुषत्व नसलेला’ हा अर्थ पहिल्या क्रमांकावर घालून या शब्दाचं वाटोळं केलं, असं मी स्पष्ट म्हणतो.

पाणिनींवर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलींनाही लिंग कशावरून ठरवायचं हा पेच पडला होता. शरीराच्या खुणांवरून लिंग ठरवावं तर ‘तट’ (काठ) हा शब्द संस्कृतात तिन्ही लिंगांत चालतो, त्याचं काय करायचं? मराठीत हे जास्तच उघड दिसतं: कृष्णेचा काठ, कृष्णेची थडी, कृष्णेचं तीर. जागा तीच, नदी तीच. म्हणून त्यांनी व्याकरणापुरतं ठरवलं की प्रसव, म्हणजे बाहेर टाकणं, ते पुमान् आणि संस्त्यान, म्हणजे गोळा होणं, ती स्त्री. हल्ली ‘मॅस्क्युलिन-फेमिनिन एनर्जी’ म्हणून जे विकलं जातं ते याच्या फार पुढे गेलेलं नाही.

आणि बुधाला असमर्थ म्हणणाऱ्यांनी पुराण तरी वाचावं. बुध आणि इलेचा मुलगा पुरूरवा, तिथूनच चंद्रवंश पुढे चालला! ही इला म्हणजेच सुद्युम्न. भागवताच्या नवव्या स्कंधात तो एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री असतो.

आता तुमची पत्रिका. ज्योतिषात ऊर्जा मोजत नाहीत, बल मोजतात, तेही षष्ट्यंशांत. 60 षष्ट्यंशांचं एक ‘रूप’, हे बलाचं मोठं माप. मिथुन ही तिसरी, म्हणजे विषम रास, म्हणून पुरुष. राशीच्या अर्ध्या भागाला होरा म्हणतात, विषम राशीत पहिले 15 अंश रवीचा, म्हणजे पुरुष ग्रहाचा होरा. 9 अंश त्यातच. (होरा शब्द ग्रीक. अहोरात्रातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून तो बनवणं ही निव्वळ कसरत.) नवांश म्हणजे राशीचा नववा भाग, 3 अंश 20 कलांचा, मिथुनेत मोजणी तुळेपासून, 9 अंश तिसऱ्या नवांशात पडतात, तो धनू, पुन्हा विषम. ओजयुग्म (विषम-सम) बलात चंद्र-शुक्रांना सम राशी-नवांशाचे गुण मिळतात आणि बाकी पाचांना विषमचे. म्हणजे इथे बुध पुरुषांच्याच रांगेत उभा आहे, राशीचे 15 आणि नवांशाचे 15 मिळून 30 षष्ट्यंश खिशात घालून. वर लग्नात त्याला दिग्बल, म्हणजे दिशेमुळे मिळणारं बल. कमी काय पडलं ते त्या गृहस्थांनीच दाखवावं.

प्राचीन ग्रीक ज्योतिषी टॉलेमीचा बुध तर दोन्हीकडचा. ग्रह सूर्याआधी उगवला तर पुरुषाकडे झुकतो, सूर्यामागून मावळणारा स्त्रीकडे. तुमचा बुध रवीच्या 23 अंश मागे, म्हणजे सूर्याआधी उगवणारा, पहाटेचा. बुध रवीपासून 28 अंशांच्या पलीकडे जात नाही, म्हणून हा हिशोब सोपा. फक्त रवी मेषेत (पहिली रास) आणि बुध मीनेत (बारावी रास) असेल तर नुसते राशीचे आकडे पाहून उलटं उत्तर काढू नका.

हां, ‘लिंगप्रवाही’. प्रवाही म्हटलं की मराठी माणसाला पातळ पदार्थ आठवतो आणि नुसतं ‘लिंग’ म्हटलं की शरीर. ‘लिंगभाव’ हा शब्द अभ्यासकांत रुळलाय, तो घ्या आणि ‘बदलता लिंगभाव’ म्हणा. ज्योतिषातला ‘द्विस्वभाव’ मात्र उचलू नका. ती चर आणि स्थिर यांच्या रांगेतली तिसरी संज्ञा आहे, मिथुन, कन्या, धनू आणि मीन या चार राशींची, आणि त्यांतल्या दोन पुरुष, दोन स्त्री आहेत.