वकीलपत्र ते वकीलपत्रच

पोरी,

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीनं तुला दिलेल्या चारही केसेस परत कराव्यात का, असं विचारतेस. फी देणारा पक्षकार समोर ताटकळत बसलेला असताना फुकटच्या केसचे कागद चाळायला अवघडल्यासारखं होतं म्हणतेस. ते वाक्य मला टोचलं. माझ्याही मनात कधीकाळी तेच होतं.

फुकटचं वकीलपत्र असं काही नसतं. सही केलीस की वकीलपत्र ते वकीलपत्रच.

त्या चारांपैकी वाटणीच्या दाव्यातली ती बहीण तुझ्याकडे दया मागायला आलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२ उघड. बाईला त्यात उत्पन्नाची अटसुद्धा नाही. वकील मिळणं हा तिचा हक्क आहे. हे तुला मी सांगावं लागतं, याचा राग येतो बघ.

माझ्याकडे अशीच एक विधवा होती. बीड जिल्ह्यातली, सात एकर कोरडवाहू, दीर कसायचे. एका तारखेला माझं हायकोर्टाच्या खंडपीठात अपील लागलं, चांगल्या फीचं. तालुक्याला ज्युनिअरला पाठवलं, तो दुसऱ्या कोर्टात अडकला. पुकारा झाला, कुणीच हजर नाही. दावा अदमपैरवीत गेला, म्हणजे कुणी हजर नाही म्हणून काढून टाकला. तो पुन्हा फाइलवर घ्यायला अर्जाची मुदत ३० दिवस. मला कळलं पाचव्या महिन्यात, ती एसटीनं चौकशीला आली तेव्हा. विलंबमाफी मागितली, दावा परत उभा राहिला. पण तोवर दिरांनी रस्त्यालगतचे तीन एकर विकले होते. खरेदीदाराला पक्षकार करण्यात आणखी वर्षं गेली. हुकूमनामा झाला तेव्हा ती हयात नव्हती.

एक माणूस एका दिवशी दोन कोर्टांत कसा उभा राहील, असं सोबतचे वकील म्हणाले. खरंच आहे. ते अपील मी जिंकलं, त्या फीवर मुलीचं शिक्षण झालं, त्याची मला लाज नाही. पण तारीख वाढवून मागणारा दोन ओळींचा अर्ज आदल्या दिवशी देता आला असता. फीच्या केसमध्ये मी तो नक्की दिला असता.

तेव्हापासून फीचा हिशेब वेगळ्या वहीत असतो. तारखांच्या डायरीत कोण पैसे देतं हे दिसतच नाही. मुन्शी कुरकुरतो. कुरकुरू दे. वकीलपत्र ते वकीलपत्रच.

आता तुझी केस. भाऊ म्हणणार, वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली. त्यावर गप्प बसू नकोस. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा आहे का, ते आधी बघ. नुसत्या तोंडी वाटणीवर मुलीचा हिस्सा सहज बुडत नाही. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात ते स्पष्ट केलंय. वडील २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीआधी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क राहतो, हेही त्यातच आहे. निकाल मुळातून वाच, मोबाइलवरच्या चार ओळी नकोत.

तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिलाय का, हे तिला एकटीला बसवून विचार. भावासमोर ती सांगणार नाही. फेरफाराच्या आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीच्या, नकलेचा अर्ज उद्याच तहसीलला दे. जुना कागद उर्दूत निघाला तर माझ्याकडे घेऊन ये, वाचून देणारा माणूस आहे.