मुलाचा बुद्ध्यांक १३४ आला. आता मोठ्या मुलीचीही चाचणी करून घ्यावी का?

तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, मुलगी साडेबारा वर्षांची आहे, आणि मुलाचा अहवाल हाती आल्यापासून "तिचेही एकदा पाहून घेऊ" असे घरात चालले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मुलगा प्रज्ञावान म्हणायचा का, हा तुमचा पहिला प्रश्न आहे. परंतु मी लिहायला बसले ती मुलीविषयीच्या त्या एका वाक्यामुळे. सांगली-मिरजेकडच्या शाळांत मी बावीस वर्षे समुपदेशक होते आणि त्या काळात शेकडो मुलांच्या चाचण्या घेतल्या, तरी चाचणी म्हटले की मला अजून माझी स्वतःचीच आठवते.

ही गोष्ट १९७८ च्या दिवाळीच्या सुट्टीतली आहे. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, एक परिचित अध्यापक महाविद्यालयात शिकवत असत आणि त्यांच्याकडे बिने-कामत चाचणीची पेटी होती. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली ही चाचणी आमच्या भागात तेव्हा बुद्धिमापनाचे जणू दुसरे नाव होते. मी तेरा वर्षे चार महिन्यांची होते आणि धाकटा भाऊ नऊ वर्षे दोन महिन्यांचा. शनिवारी सकाळी मला नेले. सरांच्या माडीवर एक डुगडुगणारे टेबल होते, सरांच्या हातात स्टॉपवॉच होते, आणि उत्तर बरोबर की चूक याची खूण मला दिसू नये म्हणून ते कागदावर डावा पंजा आडवा धरून लिहीत होते. ही खबरदारी योग्यच होती. चूक पुढे झाली, कारण भावाला त्यांनी त्याच दिवशी न बसवता सोमवारी बोलावले.

मधल्या रविवारी दुपारी मी झोपाळ्यावर बसून भावाबरोबर शाळा-शाळा खेळले. मी सर झाले आणि शनिवारी मला विचारलेले जेवढे आठवत होते तेवढे सगळे त्याला विचारले. उलट्या क्रमाने म्हणायचे आकडे होते, शब्दांचे अर्थ होते, विसंगती ओळखायची वाक्ये होती. (नेमके प्रश्न मी इथे लिहिणार नाही, कारण ती चाचणी आजही वापरात आहे.) बरोबर उत्तराला एक शंकरपाळे मिळत होते, आणि चुकल्यास उत्तर सांगून मी तोच प्रश्न पुन्हा विचारत होते. शंकरपाळ्यांचा डबा निम्मा झाला म्हणून आईने आम्हाला उठवले.

निकाल असा लागला की त्याचे मानसिक वय, म्हणजे ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतके प्रश्न त्याने सोडवले ते वय, तेरा वर्षे आणि माझे पंधरा. जुन्या पद्धतीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणत असत, म्हणून त्याचा बुद्ध्यांक १४२ आला आणि माझा ११२. अण्णांनी दोन्ही आकडे खिशातल्या डायरीत निळ्या शाईने लिहिले. दहावीनंतर मी विज्ञान शाखा मागितली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, फक्त डायरी उघडून पान माझ्यापुढे धरले. मी वाणिज्य शाखेला गेले, बँकेत चिकटले, आणि मानसशास्त्र शिकले ते पुढे नोकरी करता करता.

शिकल्यावर त्या पानाचा अर्थ कळला. एक तर भागाकारातच खोट होती. बुद्धीची वाढ किशोरवयात मंदावते, पण खालचा भाजक मात्र दरवर्षी वाढत राहतो, त्यामुळे मोठ्या मुलाचा आकडा आपोआप खाली येतो आणि लहानाचा फुगतो. दुसरे असे की नऊ वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या पातळीवर चढायचे तर दहा, बारा, चौदा या वयांसाठीचे प्रश्न सोडवावे लागतात, आणि नेमके तेच प्रश्न शनिवारी मला विचारले गेले होते. म्हणजे आमच्या घरात पंचेचाळीस वर्षे मिरवलेल्या त्या १४२ मध्ये माझ्या झोपाळ्यावरच्या शिकवणीचा वाटा किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठी वर्षभर शिकवण्या लावून मिळालेले गुण "जात्याच हुशारी" म्हणून सांगणारे पालक भेटले की मला तो डबा आठवतो.

आता तुमच्या मुलाकडे वळते. १३४ हा आकडा आजच्या पद्धतीच्या, म्हणजे सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ असलेल्या चाचणीवरचा असेल, तर तो त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण पहिला आहे, आणि प्रज्ञावान म्हणण्याची १३० ही रूढ रेषा त्याने ओलांडलेली आहे. परंतु कोणत्याही चाचणीत चार-पाच गुण इकडचे तिकडे होतात. १२८ चा मुलगा आणि १३४ चा मुलगा यांत भिंत उभी करणे मला नेहमीच हास्यास्पद वाटत आले आहे. चाचणी कोणती होती, हे आधी विचारा. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीचे जे भारतीय रूपांतर केले ते १९६९ चे आहे, आणि कामतांची मानके, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ते कोष्टक, त्याहूनही जुनी आहेत. मानके जुनी झाली की आकडे फुगतात, कारण पिढीगणिक मुले अशा चाचण्यांत अधिक गुण मिळवत आली आहेत. नवी वेक्सलर चाचणी असेल तर एकूण आकडा बाजूला ठेवून भाषिक आकलन, आकृतींवरचा तर्क, कार्यकारी स्मृती आणि गती यांचे निर्देशांक वेगवेगळे मागा. विचारात पुष्कळ पुढे असलेली मुले लिहिण्याच्या वेगात अनेकदा चारचौघांसारखीच असतात, आणि अशा वेळी एकूण बेरीज काहीच सांगत नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारा अहवाल असेल तर तो रद्दीत घालावा, त्यावर चर्चाही नको.

रेषा आखून मुले निवडण्याविषयी माझे मत कडवट आहे, हे मान्य करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजार अतिबुद्धिमान मुले शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा चाचणी घेऊन वगळलेल्या मुलांत पुढे भौतिकशास्त्रज्ञ झालेले विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ हे दोघे होते, आणि पुढे नोबेल मिळाले ते या दोघांना. तरीही चाचणीच नको असे मी म्हणत नाही. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६९ पासून प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला चालवते, आणि तिथे चाचणी घेतात ती पाचवीच्या प्रवेशाचा निर्णय घेण्यासाठी, म्हणजे एका ठरलेल्या कारणासाठी. वर्गात सतत कंटाळणारे मूल, किंवा तोंडी चमकणारे आणि लेखी कोसळणारे मूल असेल तर मी स्वतःच चाचणी सुचवते. प्रश्न आधी असावा आणि चाचणी नंतर. तुमच्या मुलीविषयी तुमच्याकडे प्रश्न कोणता आहे? तुम्ही लिहिलेल्या मजकुरात मला तो सापडला नाही. भावाचे केले म्हणून तिचे, एवढेच सापडले.

हे सगळे मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भावाला सांगितले. तो पुण्यात अभियंता आहे आणि कौटुंबिक कार्यक्रमांत "ताई, तुझा एकशे बाराच ना?" हा त्याचा ठरलेला विनोद आहे. न्यायाने हेही सांगायला हवे की त्या आकड्याने त्यालाही सुख दिले नाही, बारावीला कमी गुण पडले तेव्हा "एकशे बेचाळीस असून?" म्हणत अण्णा महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. झोपाळ्याची हकीकत ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "नऊ वर्षांचा असताना ते सगळे एका दुपारीत माझ्या डोक्यात बसले असेल, तर एकशे बेचाळीस कमीच म्हणायचे." याला उत्तर मला अजून सुचलेले नाही.

मुलीला न्यायचेच ठरले, तर मुलाचा आकडा तज्ज्ञाला आधी सांगू नका, आणि तिचा अहवाल भावाच्या फायलीत ठेवू नका. मुलाची तीच चाचणी किमान वर्षभर तरी पुन्हा घेऊ नये. आणि मधल्या रविवारी घरात कोण कोणाला काय विचारते आहे, तिकडे लक्ष असू द्या.